शिरा बंद झाल्याचा पुरावा

डोंबिवली स्थानकाच्या पुलाच्या पायऱ्या सकाळच्या घाईत चढताना एखाद्याच्या छातीत धडधडू लागले, तर तो त्याचे कारण पायऱ्यांत शोधतो, गर्दीत शोधतो, आदल्या रात्रीच्या जागरणात शोधतो. मनगटावर तीन बोटे ठेवून ते नाडीत शोधण्याची सवय समाजातून केव्हाच गेली आहे. घटकाभराने धडधड आपोआप थांबते, ठाण्याकडे जाणारी गाडी मिळते, कचेरीत पोचल्यावर पित्ताची गोळी घेतली जाते आणि विषय संपतो. असा हा विषय वर्षानुवर्षे संपत राहतो. आणि मग एके दिवशी सकाळी उजवा हात उचलत नाही, जीभ जड होते, आणि घरच्या माणसांना प्रथमच कळते की, हा विकार पित्ताचा नव्हता, हृदयाच्या लयीचा होता.

वैद्यकात या विकाराला अ‍ॅट्रियल फिब्रिलेशन असे नाव आहे. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांनी, म्हणजे अलिंदांनी, एका ठेक्यात आकुंचन पावून रक्त खालच्या कप्प्यांत लोटावे, अशी निसर्गाची योजना आहे. या विकारात अलिंदांतील विद्युत्-संदेशांची शिस्त मोडते. मिनिटाला साडेतीनशे ते सहाशे इतक्या वेगाने ते इतस्ततः धावू लागतात आणि अलिंदे आकुंचन पावण्याऐवजी नुसती थरथरत राहतात. नाडी कधी भरभर, कधी सावकाश, पण नेहमीच बेताल चालते. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त थबकते, थबकलेल्या रक्ताची गुठळी होते, आणि ती गुठळी प्रवाहाबरोबर मेंदूत गेली की पक्षाघात होतो. अमेरिकेतील फ्रेमिंगहॅम या गावी पिढ्यान् पिढ्या चाललेल्या पाहणीतून १९९१ साली असे दिसून आले की, या विकाराच्या रुग्णांत पक्षाघाताचा धोका इतरांच्या जवळजवळ पाचपट असतो. ‘जरा धडधडते एवढेच’, असे म्हणून सोडून देण्याजोगे हे दुखणे नाही.

या दुखण्यावर हृदयाला जोडलेल्या शिरांची तोंडे गोठवून करावयाचा एक उपचार गेल्या काही वर्षांत मोठ्या शहरांतील रुग्णालयांतून होऊ लागला आहे. क्रायोबलून या नावाने तो ओळखला जातो. त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो, त्याची वर्णने आकर्षक असतात, आणि ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरांतून भविष्यनिर्वाह निधीतील रक्कम काढून तो करून घेतला जाण्याचे दिवस आता दूर राहिलेले नाहीत. उपचार चांगला आहे, याबद्दल वाद नाही. मात्र ज्या एका गोष्टीवर त्याचे सारे यश अवलंबून आहे, ती गोष्ट रुग्णाला कोणी सांगत नाही आणि रुग्णही विचारीत नाही. शिरा विद्युत्-दृष्ट्या हृदयापासून खरोखर अलग झाली, हे ठरले कशावरून? ते कोणी पाहिले, कधी पाहिले आणि कोठे नोंदवले?

चार शिरांची वाट

या प्रश्नाचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जावयास हवे. फ्रान्समधील बोर्दो येथील मिशेल हायसागेर आणि त्यांचे सहकारी यांनी १९९८ साली ४५ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. अलिंदातील हा गोंधळ सुरू करणारे ६९ विद्युत्-उगम त्यांना या रुग्णांत सापडले, आणि त्यांपैकी ६५ फुप्फुसशिरांत होते. फुप्फुसातून शुद्ध रक्त डाव्या अलिंदात आणणाऱ्या या शिरा साधारणतः चार असतात. हृदयाच्या स्नायूचे पातळ अस्तर या शिरांच्या आत काही अंतरापर्यंत शिरलेले असते आणि तेथूनच अवेळी ठिणग्या उडतात, असे या संशोधनाने दाखवून दिले. तोवर या विकाराकडे संपूर्ण अलिंदाचा आजार म्हणून पाहिले जात होते. छाती उघडून अलिंदात चक्रव्यूहासारखे छेद घेण्याची जेम्स कॉक्स यांची शस्त्रक्रिया १९८७ पासून चालू होती, ती याच समजुतीतून. बोर्दोच्या शोधानंतर लक्ष्य नेमके झाले. शिरेच्या मुखाभोवती अखंड वर्तुळ आखावयाचे, त्या वर्तुळातील पेशी निकामी करावयाच्या, म्हणजे आतली ठिणगी आतच विझेल. रक्त वाहत राहील, वीज मात्र पलीकडे जाणार नाही.

हे वर्तुळ आखण्याची पहिली रीत उष्णतेची होती आणि ती आजही प्रचारात आहे. नळीच्या टोकाने एकामागून एक ठिपके भाजत जावयाचे आणि ठिपक्यांची माळ पुरी करावयाची. या कामाला मोठे कौशल्य लागते आणि माळेतील एक मणी जरी निसटला तरी वीज तेवढ्या फटीतून बाहेर पडते. दुसरी रीत थंडीची. जांघेतील शिरेतून नळी वर नेऊन, दोन अलिंदांमधील पडद्यातून ती डाव्या अलिंदात उतरवून, तिच्या टोकाशी असलेला सुमारे २८ मिलिमीटर व्यासाचा फुगा शिरेच्या तोंडावर बुचासारखा बसवितात. मग त्यात नायट्रस ऑक्साइड सोडतात. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी वापरला जाणारा आणि ‘हसविणारा वायू’ म्हणून ओळखला जाणारा तो हाच. द्रवाचा वायू होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो, फुग्याचे तापमान उणे ४० ते ५० अंशांपर्यंत उतरते आणि शिरेच्या मुखाशी टेकलेले सारे वर्तुळ एका दमात गोठते. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने डिसेंबर २०१० मध्ये या साधनाला मान्यता दिली. पुढे ७६२ रुग्णांवर दोन्ही पद्धतींची तुलना करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१६ साली प्रसिद्ध झाले आणि थंडीची रीत उष्णतेच्या रीतीपेक्षा उणी नाही, असे ठरले.

संकेत कधी थांबला?

एका दमात वर्तुळ पुरे होते, हा या पद्धतीचा गुण आणि तोच तिचा धोकाही. फुगा शिरेच्या तोंडावर बसला आहे, असे क्ष-किरणाच्या पडद्यावर दिसते. रंगद्रव्य सोडले असता ते शिरेतच अडून राहते. तापमानाचा आकडा झपाट्याने खाली जातो. एवढ्यावरून काम झाले असे मानण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु या तिन्ही खुणा अप्रत्यक्ष आहेत. शिरेचे मुख सर्वांच्या बाबतीत वाटोळे नसते. कोणाचे लंबगोल असते, कोणाच्या दोन शिरा एकाच तोंडाने उघडतात. फुग्याच्या एखाद्या कडेला केसाएवढी फट राहिली, तर त्या फटीतून वाहणारे उबदार रक्त तेवढा भाग गोठू देत नाही. कोकणच्या खारजमिनीत बांध घालणाऱ्या शेतकऱ्याला ही गोष्ट वेगळी सांगावी लागत नाही. बांध उंच आहे, रुंद आहे, दिसायला भक्कम आहे. पण खेकड्याने पाडलेल्या एका भोकातून भरतीचे पाणी आत शिरले की सारे शेत खारट होते. बांध धरला की नाही, हे अखेर शेतातील पाणी चाखूनच ठरते.

शिरेतील वीज ‘चाखण्याची’ सोय या तंत्रात आहे. फुग्याच्या मधोमध असलेल्या पोकळीतून एक बारीक, टोकाशी कड्यासारखी वळलेली तार शिरेच्या आत सरकविता येते. त्या कड्यावर छोटे इलेक्ट्रोड बसविलेले असतात. गोठविण्याचे काम चालू असतानाच शिरेतील विद्युत्-संकेत त्यांच्याद्वारे पडद्यावर उमटत राहतात. प्रथम हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागून शिरेचा टोकदार संकेत येतो. पेशी थंड होऊ लागल्या की हा संकेत मागे पडू लागतो, ठोका आणि संकेत यांमधील अंतर वाढत जाते, आणि मग एका क्षणी ठोका येतो पण त्यामागचा संकेत येत नाही. तोच शिरा अलग झाल्याचा क्षण. गोठविण्यास आरंभ केल्यापासून तो किती सेकंदांनी आला, याला मोठा अर्थ आहे. साधारणतः एका मिनिटाच्या आत आला, तर शिरा पुढेही अलग राहण्याची शक्यता अधिक, असा अनुभव अनेक अभ्यासांतून नोंदला गेला आहे. फार उशिरा आला, तर फुगा नीट बसला नसावा, असे समजून तो पुन्हा बसविणे शहाणपणाचे ठरते. किती वेळ गोठवावयाचे, हा निर्णयही आता पुष्कळ ठिकाणी याच क्षणावरून घेतला जातो. जरुरीपेक्षा अधिक थंडी अन्ननलिकेला, मज्जातंतूला, फुप्फुसाला इजा करू शकते; जरुरीपेक्षा कमी थंडी व्यर्थ जाते.

मात्र हा संकेत प्रत्येक वेळी दिसतोच असे नाही. फुग्याला आधार मिळावा म्हणून तार शिरेत खोल सरकवावी लागते आणि स्नायूचे अस्तर तितके खोल गेलेले नसते. मग कडे योग्य जागी नसल्याने पडद्यावर काहीच उमटत नाही. हे ‘काहीच नाही’ दोन प्रकारचे असते. एक, संकेत होता आणि थांबला. दुसरे, संकेत मुळी ऐकलाच नव्हता. पहिले यश आहे, दुसरे अज्ञान आहे. कागदावर मात्र दोन्ही सारखीच दिसू शकतात. उलट डावीकडच्या वरच्या शिरेत शेजारच्या अलिंदाच्या पिशवीचे संकेत ऐकू येतात आणि शिरा अलग होऊनही ती अलग झाली नाही असा भास होतो. तो भास दूर करण्यासाठी हृदयाला दुसऱ्या ठिकाणाहून विद्युत्-स्पंदने देऊन कोणता आवाज कोणाचा, हे वेगळे काढावे लागते. काम संपल्यावर काही वेळ थांबून, तार मुखाशी आणून प्रत्येक शिरा पुन्हा तपासण्याची पद्धत याचसाठी आहे. जेथे स्वयंचलित सिग्नल नाहीत, त्या लहान रेल्वे-स्थानकांवरील रीत येथे आठवावी. गाडी धडधडत निघून गेली, एवढ्यावर तेथील कर्मचारी मागच्या स्थानकाला मार्ग मोकळा झाल्याचे कळवीत नाही. शेवटच्या डब्यावरील ‘एल. व्ही.’ची पाटी, रात्री तांबडा दिवा, डोळ्यांनी पाहिल्यावरच तो कळवितो. कारण एखादा डबा मागे तुटून राहिला असेल, तर त्याची किंमत पुढच्या गाडीतील माणसे मोजतात.

पोटावरचा हात

देखरेखीचा दुसरा भाग सुरक्षिततेचा आहे. उजवीकडच्या फुप्फुसशिरांच्या अगदी लगत फ्रेनिक नावाचा मज्जातंतू जातो. श्वासपटलाला हालविण्याचे काम त्याचे. शिरा गोठवितांना हा तंतूही गोठला, तर उजव्या बाजूचे श्वासपटल लुळे पडते आणि रुग्णाला दम लागू लागतो. अमेरिकी मान्यतेला आधारभूत ठरलेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर शंभर उपचारांमागे सुमारे अकरा वेळा या तंतूला इजा झाली होती. बहुतेक रुग्णांची ती कालांतराने भरून आली, पण सर्वांची नाही. पुढे २०१६ च्या तुलनेत, रुग्णालयातून घरी जाताना ही इजा असलेल्यांचे प्रमाण २.७ टक्के इतके खाली आलेले दिसते. ही घट साधण्यात वाढत्या अनुभवाचा वाटा आहे, तसाच एका साध्या दक्षतेचाही आहे. वरच्या महाशिरेत ठेवलेल्या नळीतून या तंतूला ठराविक गतीने विद्युत्-स्पंदने देतात आणि सहायक डॉक्टर वा तंत्रज्ञ रुग्णाच्या उजव्या बरगडीखाली पोटावर हात ठेवून बसतो. प्रत्येक स्पंदनागणिक श्वासपटलाचा झटका हाताला लागतो. तो झटका किंचित जरी मंदावला, तरी ताबडतोब गोठविणे थांबवावयाचे. श्वासपटलाचे विद्युत्-आलेखन करून हा इशारा त्याहूनही आधी मिळविता येतो.

एवढ्या महागड्या यंत्रसामग्रीच्या मध्ये एका माणसाचा हात निर्णायक ठरावा, यात बोध आहे. तो हात तेथे असण्यासाठी माणूस लागतो, त्या माणसाचे दुसरीकडे लक्ष असून चालत नाही, आणि त्याने ‘थांबा’ म्हटल्यावर मुख्य डॉक्टरने थांबावे लागते. दिवसाकाठी किती रुग्ण उरकावयाचे, याचे गणित जेथे आधी मांडले जाते, तेथे पहिली कात्री अशाच माणसांवर चालते.

आज बंद, उद्या काय?

टेबलावर अलग झालेली शिरा पुढेही अलगच राहील, याची हमी नाही. काही पेशी मेलेल्या नसतात, गारठून मूर्च्छित झालेल्या असतात. आठवड्यांनी, महिन्यांनी त्या जाग्या होतात आणि वाट पुन्हा खुली होते. म्हणून उपचाराचे यश नंतरच्या देखरेखीवरूनच मोजावे लागते. कॅनडात ३४६ रुग्णांच्या त्वचेखाली अखंड हृदयालेख घेणारे छोटे यंत्र बसवून केलेला अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. उष्णता असो वा थंडी, वर्षभरात लयीच्या बिघाडाचा एकही झटका न आलेले रुग्ण साधारण निम्मेच निघाले. मात्र विकारात जाणारा एकूण वेळ बहुतेकांचा ९८ टक्क्यांहून अधिक घटला होता. ‘रोग समूळ जातो’ असे सांगणारा येथे खोटा ठरतो आणि ‘उपयोग काय?’ असे विचारणाराही. मोजले म्हणून दोघांचीही तोंडे बंद झाली.

याहून बोलका प्रयोग इंग्लंडमध्ये झाला. १२६ रुग्णांपैकी काहींना क्रायोबलून उपचार देण्यात आला आणि काहींवर उपचाराचे केवळ नाटक करण्यात आले. कोणाला काय मिळाले, हे रुग्णांना ठाऊक नव्हते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार सहा महिन्यांनी विकाराचा भार खऱ्या उपचाराच्या गटात सुमारे ६० टक्क्यांनी घटला. नाटकाच्या गटातही तो सुमारे ३५ टक्क्यांनी घटला. उपचार खरा आहे, हे या प्रयोगाने निर्विवाद सिद्ध केले. त्याबरोबरच, रुग्णाला बरे वाटते एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, हेही त्याने सिद्ध केले.

येथे एक प्राणघातक गैरसमज संभवतो. धडधड थांबली म्हणजे रोग गेला, असे मानून रुग्ण रक्त पातळ ठेवणारी गोळी आपणहून बंद करतो. उपचारानंतर किमान दोन-तीन महिने ही गोळी चालू ठेवावीच लागते. त्यापुढे ती चालू ठेवावयाची की नाही, हे वय, रक्तदाब, मधुमेह, पूर्वीचा पक्षाघात यांवरून ठरते, धडधडीवरून नव्हे. लाखो रुपये खर्चून शिरा अलग केली आणि त्या मानाने किरकोळ किमतीची गोळी सोडल्याने अर्धांग गेले, यासारखी शोकांतिका नाही.

ठाण्याचे वास्तव

ठाणे महापालिकेच्या हद्दीत २०११ च्या जनगणनेनुसार १८ लाखांहून अधिक आणि कल्याण-डोंबिवलीत १२ लाखांहून अधिक माणसे राहत होती. त्यानंतर वाढलेल्या इमारती पाहता आजचा आकडा पुष्कळ मोठा असणार, हे उघड आहे. द्रुतगती मार्गालगत आणि घोडबंदर रस्त्याच्या बाजूने खाजगी रुग्णालयांच्या टोलेजंग वास्तू उभ्या आहेत. दुसऱ्या बाजूला कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, कल्याणचे रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचे शास्त्रीनगर रुग्णालय यांवर सामान्य माणसाची भिस्त आहे. कळव्याच्या रुग्णालयात ऑगस्ट २०२३ मध्ये चोवीस तासांत १८ रुग्ण दगावले, ही घटना विसरण्याजोगी नाही. शहापूर-मुरबाडपासूनचे रुग्ण जेथे अखेरच्या आशेने येतात, तेथे खाटा, माणसे आणि वेळ या तिन्ही गोष्टी अपुऱ्या पडतात. अशा ठिकाणी क्रायोबलूनची चर्चा करणे कोणाला चैन वाटेल. परंतु या विकाराचे निदान करण्यासाठी बलून लागत नाही. मनगटावर बोटे ठेवणारी परिचारिका आणि चालू स्थितीतील ईसीजी यंत्र एवढेच लागते. रक्तदाब तपासावयास आलेल्या साठीपुढच्या प्रत्येक माणसाची नाडी अर्धा मिनिट मोजली आणि ती बेताल लागल्यास लगेच ईसीजी काढला, तर कितीतरी पक्षाघात टळतील.

आणखीही एक वास्तव आहे. पाश्चात्त्य देशांत हा विकार मुख्यतः वार्धक्य, रक्तदाब आणि स्थूलता यांच्याबरोबर येतो. भारतात मात्र लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेले रुग्ण आजही मोठ्या संख्येने आढळतात, आणि ते वयाने तरुण असतात. वर सांगितलेल्या परदेशी चाचण्यांचे निष्कर्ष या रुग्णांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. अरुंद झालेली झडप तशीच ठेवून शिरा गोठविण्यात अर्थ नसतो. रक्त पातळ करणारी नवी, नियमित रक्ततपासणी न लागणारी औषधेही त्यांना मानवत नाहीत. साडेचार हजारांवर रुग्णांच्या, २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात जुन्या वॉर्फरिनच्या वर्गातील औषधांवर असलेल्या गटात मृत्यू कमी झाल्याचे दिसले. परंतु वॉर्फरिन घेणाऱ्याला पीटी-आयएनआर ही रक्ततपासणी नियमित करावी लागते. मुरब्याडच्या पाड्यावरील बाईने त्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून दर महिन्याला शहरात यावे, ही अपेक्षा अवास्तव आहे. तालुक्याच्या ठिकाणी ही तपासणी मोफत व त्याच दिवशी मिळण्याची सोय होईल, तर एखाद्या नव्या कॅथ लॅबपेक्षा ती अधिक जीव वाचवील.

काय करावयास हवे

राज्य सरकारने जुलै २०२३ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची व्याप्ती वाढवून ती सर्व शिधापत्रिकाधारकांना लागू करण्याचे आणि संरक्षणाची मर्यादा प्रत्येक कुटुंबामागे पाच लाख रुपये करण्याचे ठरविले. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने हृदयाच्या स्टेंटच्या किमती बांधून दिल्या, तेव्हा किंमत उतरविता येते, हे देशाने पाहिले. याच इच्छाशक्तीने लयीच्या विकारांवरील नळ्या आणि बलून यांच्या किमतींकडे पाहण्याची गरज आहे. परंतु किंमत उतरली आणि दर्जाचा पुरावा मागितला गेला नाही, तर स्वस्तात निकृष्ट काम होण्याचा धोका आहे. म्हणून सार्वजनिक पैशातून वा विम्यातून या उपचाराचे बिल देताना चार गोष्टींची नोंद सक्तीची करावी. प्रत्येक शिरेचा संकेत प्रत्यक्ष दिसला की नाही आणि दिसला असल्यास तो किती सेकंदांनी थांबला. अखेरीस प्रत्येक शिरा पुन्हा तपासली की नाही. फ्रेनिक तंतूवर देखरेख कोणत्या रीतीने ठेवली. आणि तीन, सहा व बारा महिन्यांनी रुग्णाची लय कशी आढळली. यासाठी नवे यंत्र लागत नाही. पडद्यावरील आलेख तेथेच असतो. तो जपून ठेवावयाचा आणि रुग्णाच्या हाती त्याची प्रत द्यावयाची, एवढेच.

यावर डॉक्टरमंडळींकडून दोन आक्षेप येतील. पहिला असा की, हा आलेख रुग्णाला काय समजणार? आलेख रुग्णाला समजला नाही तरी दुसऱ्या डॉक्टरला समजतो, आणि झटके पुन्हा सुरू झाले तर कोणती शिरा संशयास्पद होती, हे त्यावरून कळते. शिवाय कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांत ती रुग्णाला देण्याचे बंधन वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनीच डॉक्टरांवर घातले आहे. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. प्रत्येक नोंद उद्या न्यायालयात पुरावा म्हणून उभी राहील, या भीतीने डॉक्टर अवघड रुग्णांना हात लावणार नाहीत, असे म्हटले जाते. ही भीती खोटी म्हणता येणार नाही. रुग्णालयांवर होणारे हल्ले पाहता ती समजण्याजोगीही आहे. परंतु प्रामाणिक डॉक्टरचे संरक्षण नोंदीनेच होते. संकेत दिसला नाही, म्हणून अमुक खबरदारी घेतली, असे ज्याने त्याच वेळी लिहून ठेवले, त्याला घाबरण्याचे कारण नाही. सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात संमती ही पुरेशा माहितीवर आधारलेली हवी, असे स्पष्ट केले. ‘काही रुग्णांत झटके पुन्हा येतात, दुसऱ्यांदा उपचार करावा लागू शकतो, गोळी चालू ठेवावी लागेल’, ही तीन वाक्ये रुग्णाला त्याच्या भाषेत आधी सांगितली गेली, तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत.

तंत्र थांबून राहत नाही. ना उष्णता ना थंडी, तर क्षणमात्र विद्युत्-क्षेत्राने पेशी निकामी करणारी तिसरी रीत अमेरिकेत डिसेंबर २०२३ पासून मान्य झाली आहे आणि क्रायोबलूनही उद्या जुना ठरेल. फुगे बदलतील, नळ्या बदलतील, जाहिराती बदलतील. शिरा अलग झाली हे कशावरून, हा प्रश्न मात्र प्रत्येक नव्या यंत्रालाही तितकाच लागू राहील. ठाण्या-कल्याणच्या शाळेत विज्ञान शिकविणारे शिक्षक मुलांना निरीक्षण, नोंद आणि अनुमान हा क्रम घोकून घेतात. अनुमान आधी आणि निरीक्षण सवडीने, असा उलटा क्रम प्रयोगवहीत चालत नाही. आयुष्याची पुंजी देऊन टेबलावर निजलेल्या माणसाच्या हृदयावर तो कसा चालावा? तेव्हा उपचाराला संमती देण्यापूर्वी रुग्णाने वा त्याच्या मुलाने डॉक्टरांना नम्रपणे एक प्रश्न विचारावा: शिरा बंद झाली, हे तुम्ही कसे पाहणार आणि ते आम्हांला कसे दाखविणार? चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही. ज्याला येईल, त्याच्याकडून उत्तर आधीच मिळाले, असे समजावे.